खणखणीत आवाज

विक्रेत्यानं साहेबांच्या केबिनमध्ये लहान टॅबवर गाणं लावलं आणि आवाज पार शेवटापर्यंत चढवला.

“बघा साहेब, कसा खणखणीत आहे.”

साहेबांनी मान डोलावली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मेकॅनिकनं डोलावली नाही, कारण तो जन्मापासून बहिरा होता आणि टॅब त्याच्यासाठीच घ्यायचा होता. त्याच्या शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीची मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

तसा ताईचा राग गेला आठवडाभर शिजतच होता. धाकटा घरोघर जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण एका बाईंनी कंपनीत फोन करून सांगितलं की पुन्हा मुका माणूस पाठवू नका, त्याच्याशी बोलायचं कसं. झालं, साहेबांनी त्याला गोदामात सुटे भाग मोजायला बसवायचं ठरवलं. ताईनं भांडून त्यातून तोड काढली. तिचं शिवणकाम घरीच चालायचं. गिऱ्हाइकाकडे गेला की धाकट्यानं टॅबवरून तिला व्हिडिओ कॉल लावायचा. त्यानं खुणांनी सांगायचं, ते तिनं गिऱ्हाइकाला बोलून दाखवायचं, आणि गिऱ्हाईक बोलेल ते त्याला खुणांनी कळवायचं. साहेब कुरकुरत तयार झाले. महिनाभर बघू म्हणाले, नाही जमलं तर गोदाम आहेच. म्हणजे आता सगळी भिस्त टॅबवर होती, आणि हे लोक गाणी लावून बसले होते.

“ज्याला ऐकू येत नाही त्याला तुम्ही आवाज दाखवताय?” ताई म्हणाली.

विक्रेता गडबडला. आवाज गिऱ्हाइकासाठी, असं काहीतरी पुटपुटला. शिवाय हा टॅब हलका आहे, सोबत चिमटा मिळतो, कुठंही अडकवता येतो, असंही त्यानं सांगून पाहिलं. तो चिमटा काय चाटायचाय, असं ताईनं विचारल्यावर त्यानं गाणं बंद केलं.

टेबलावर दुसरा, मोठा टॅब पडला होता. जेवणाच्या ताटाएवढा. ताईनं तो उचलून पाहिला. चित्र लख्ख, एकेक बोट वेगळं दिसेल असं. हाच घ्यायचा, तिनं सांगून टाकलं, आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरला तो धरलाच.

साहेब म्हणाले, बाकीच्या सगळ्या मेकॅनिकना लहानच दिलाय, याला एकट्याला मोठा कसा द्यायचा. हे ऐकल्यावर मात्र ताईनं त्यांना धारेवर धरलं. बाकीच्यांचं अडलं तर त्यांना तोंड आहे, यानं काय करायचं. एका बाईच्या एका फोनवर तुम्ही त्याला गोदामात टाकायला निघालात, इतक्या वर्षांत त्यानं दुरुस्त केलेली मशीनं कुणाच्या लक्षात नाहीत. ती बोलत होती आणि दाराबाहेर कारकून कान टवकारून उभे होते.

मध्येच धाकट्यानं टेबलावर बोटं वाजवली. तिला हाक मारायची त्याची ही लहानपणापासूनची रीत. ताईनं साहेबांवरची नजर न हलवता नुसती हनुवटी हलवली, थांब जरा.

त्याच्या वाटचं बोलायची तिला सवयच होती. शाळेत, दवाखान्यात, बँकेत तीच बोलायची. केस कापायला गेल्यावर ‘एकदम बारीक’ हेही तीच सांगायची, आणि तो निमूटपणे बारीक कापून घ्यायचा. हल्ली तो एकटाच जायचा आणि केस मानेपर्यंत वाढवून हिंडायचा. ताईला ते अजिबात आवडत नसे.

धाकट्यानं पुन्हा बोटं वाजवली. या वेळी तिनं हनुवटीही हलवली नाही.

“साहेब, एक सांगा,” ती म्हणाली. “त्याला काय हवंय, हे तुमच्यापैकी कुणी त्याला विचारलंत का? समोर बसलाय तो. तुमच्या लेखी तो माणूस नाही, खुर्ची आहे.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खरंच त्यांना वाईट वाटलं होतं. घ्या मोठा, ते हळूच म्हणाले. विक्रेत्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि लगबगीनं बिलाचं पुस्तक काढलं.

“आता त्यालाही सांगा ना, ताई,” साहेब म्हणाले. “चालेल ना म्हणावं मोठा?”

ताई वळली. तिचे डोळे भरून आले होते.

धाकट्यानं लहान टॅब चिमट्यानं टेबलाच्या कडेला अडकवला होता. कॅमेरा चालू करून तो त्याच्यापुढे दोन्ही हातांनी खुणा करत होता आणि त्या नीट दिसतात का ते बघत होता. ताई वळलेली दिसताच तो थांबला.

ती त्याला बातमी सांगायला हात उचलायला गेली, तोच छातीशी धरलेला मोठा टॅब घसरला. तिनं तो घाईघाईनं कोपरानं सावरला आणि एका हातानं कशीबशी अर्धी खूण केली. त्या खुणेचा काही अर्थ लागेना.

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मघापासून तिच्या आवाजात होता तोच संताप आता त्याच्या डोळ्यांत होता. मग त्यानं सावकाश, एकेक खूण सुटी करत तिला सांगितलं:

“तो खाली ठेव, ताई. इथं बसल्यापासून तू माझ्याशी एक शब्दही बोललेली नाहीस.”