डावीकडून उजवीकडे

“हा ट्रे घे, डावीकडून आत ये आणि उजवीकडे निघून जा,” दिग्दर्शक म्हणाला. “बोलायचं काही नाही.”

मुलीने ट्रे घेतला, दोन पावलं टाकली, थांबली आणि तो खाली जमिनीवर ठेवला. “हे कुणीही करेल, सर. मी राणीचा प्रवेश पाठ करून आलेय. तो बघा.”

परीक्षकांच्या टेबलाशी शेवटच्या खुर्चीत बसलेली बाई जमिनीवरच्या ट्रेकडे बघू लागली. तो ट्रे तिचा होता. या नाट्यसंस्थेत आल्यापासून दर नाटकात ती तो घेऊन डावीकडून उजवीकडे जात आली होती. कधी मोलकरीण म्हणून, कधी नर्स, कधी नुसतीच ‘एक बाई’. संस्थेत सगळ्या समाजांची माणसं दिसली पाहिजेत, असं विश्वस्तांनी फर्मान काढलं, तेव्हा दिग्दर्शकाने नाक मुरडत पुलापलीकडच्या वस्तीसाठी एक जागा ठेवली. त्या जागेवर ती लागली. माहितीपत्रकावर फोटो मात्र तिचाच सगळ्यात मोठा. त्यात तिच्या हाती ट्रे नसायचा.

या हंगामात राणी तिला द्यायचं दिग्दर्शकाने कबूल केलं होतं. आणि आता ही कालची पोर, तिच्याच गल्लीतली, तिच्या डोळ्यांदेखत राणी होऊन उभी होती.

पोर वाईट असती तर काही नव्हतं. पण ती फार चांगली होती. आवाज न चढवता तिने सगळं सभागृह गप्प केलं. दिवे लावणारा माणूस शिडीवर तसाच थांबला, हातातला पाना विसरून. बाईला तिचा राग आला, आणि रागाहून जास्त धास्ती वाटली. जागा एक. तीत दोघी कशा मावणार?

प्रवेश संपला तशी मुलगी तिच्याकडे बघून हसली. “मावशी, तुम्ही इथे आहात म्हणूनच आईने मला येऊ दिलं.”

“इथे कुणी मावशीबिवशी नाही,” बाई म्हणाली. “बाहेर थांब.”

दार लागलं. दिग्दर्शक तिच्याकडे वळून बसला. एरवी तो तिला काही विचारायचा ते फार तर चहा सांगितला का, एवढंच.

“तुम्हीच बोला,” तो म्हणाला. “तुमच्याकडची आहे.”

बाईने काही शिल्लक ठेवलं नाही. पोर उद्धट आहे, शिस्तीचा पत्ता नाही, उभं राहणं वस्तीतलं, हातवारे वस्तीतले. “आमच्याकडच्या पोरींना टाळ्या हव्या असतात, कष्ट नको असतात,” ती म्हणाली. हेच वाक्य तिच्याबद्दल कधीकाळी याच टेबलाशी बोललं गेलं होतं आणि तिने ते दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं. आज ते तिच्या तोंडून न अडखळता बाहेर पडलं.

“म्हणजे घ्यायची नाही?”

“नाही.”

“विश्वस्तांसमोर हे असंच सांगाल?”

“सांगेन की. भीती कुणाची?”

दिग्दर्शकाने मान मागे टाकून मोठा श्वास सोडला. “सुटलो एकदाचा. हे मी म्हटलं असतं ना, तर त्यांनी माझी सालटी काढली असती. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर कोण काय बोलणार? पुलापलीकडे लायक माणसंच मिळत नाहीत, हे त्यांना आता पटेल. पुढच्या हंगामापासून ती जागाच बंद.”

बाईला आधी काही उमगलंच नाही. मग तिने विचारलं, “आणि मी?”

“तुम्ही त्याच जागेवर आहात ना?”

“राणी देतो म्हणाला होतात.”

“म्हणालो असेन.” तो पुढच्या उमेदवाराची वाट बघत घड्याळाकडे पाहू लागला.

ती उठली. दाराकडे निघाली. दाराच्या काचेपलीकडे मुलगी उभी होती, आशेने तिच्याकडेच बघत.

“अहो बाई,” मागून दिग्दर्शकाची हाक आली. ती झटकन वळली. एवढी वर्षं तिने या संस्थेत काढली होती. शेवटी काहीतरी वाटलंच असेल त्याला.

त्याने जमिनीकडे बोट दाखवलं.

“जाताना तेवढा ट्रे आत ठेवून द्या.”