चालू मशीनची पूजा

"मॅडम, मशीन बंद करा. पूजा करायची हाय."

एका हातात हळदीकुंकवाचं ताट, काखेत नारळ आणि खांद्यावर झेंडूची माळ घेऊन भगवानराव प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. खंडेनवमी होती. कॉलेजला सुट्टी होती, पण सेलूच्या त्या कॉलेजात एकोणतीस वर्षं शिपाई म्हणून काढलेले भगवानराव सकाळपासून एकेक यंत्र पुजत निघाले होते. पाण्याची मोटर झाली, झेरॉक्स झालं, प्राचार्यांच्या केबिनमधला तीन वर्षांपासून बंद असलेला एसीसुद्धा झाला.

धनश्रीनं मान वर केली नाही. "बंद नाही होणार, मामा."

"म्हंजे? बिघडलंय का?"

"बंद होईल. पुन्हा चालू होणार नाही."

यंत्राच्या पोटात झेनॉनचा दिवा होता. टंगस्टनची दोन टोकं समोरासमोर, मधे ज्वारीच्या दाण्याएवढी फट, आणि त्या फटीत सूर्याच्या नात्यातला वाटावा असा उजेड. जळताना ही टोकं थोडी थोडी झिजतात. पेटताना मात्र एका झटक्यात झिजतात. दिवा हजार तासांचा होता. तो तेवीसशे तास जळला होता. नव्या दिव्याच्या अर्जावर ऑफिसचा शेरा होता, 'जुना चालू आहे'. जुना बंद पडल्यावर अर्ज करायचा, मग सहा महिन्यांत नवा येणार.

सोमवारी तो अकराव्यांदा बटण दाबल्यावर पेटला. तेव्हापासून धनश्रीनं तो विझू दिला नव्हता.

शनिवारी पाचच्या आत प्रबंध जमा करायचा होता. मुदतवाढ दोनदा मिळाली होती, तिसरी मिळत नसते. सरकीची पेंड खाणाऱ्या शेळ्यांच्या दुधात बुरशीचं विष किती उतरतं, या एका प्रश्नात तिची सात वर्षं गेली होती. दुधाच्या एक्केचाळीस नळ्या होत्या. वीस या यंत्रात मोजून झाल्या होत्या. उरलेल्या संध्याकाळपर्यंत मोजल्या नाहीत तर नासणार होत्या. पुन्हा दूध आणावं, तर शेळ्याच नव्हत्या. त्यांची मालकीण कासाबाई, तिनं त्या बाजारात विकल्या होत्या आणि गिऱ्हाइकांचा ओढा दुधाकडे नव्हता.

"चालू मशीनची पूजा म्हंजे जेवत्या माणसाला हळद लावल्यावानी हाय," भगवानराव म्हणाले. "बरं, चपला तरी काढा."

"इथं चपला घालूनच यायचा नियम आहे. काचा असतात."

"कुनाचा नियम?"

"दारावर पाटी तुम्हीच ठोकलीय."

भगवानरावांना हे पटलं, पण आवडलं नाही. नोव्हेंबरात ते रिटायर होणार होते. म्हणजे ही शेवटची खंडेनवमी. ते ताट घेऊन तसेच उभे राहिले तेव्हा धनश्रीलाच राहवलं नाही.

"लावा कुंकू. चालूच असू द्या. पाणी तेवढं शिंपडू नका, आणि नारळ बाहेर फोडा."

भगवानरावांनी झाकणावर स्वस्तिक काढलं. पुढे बटणं होती. मॅडमच्या कामात अडचण नको, म्हणून त्यांनी माळ समजुतीनं मागच्या जाळीवर बांधली. दुहेरी करून. त्या जाळीतून यंत्र गरम हवा बाहेर टाकायचं.

धनश्री मोजत राहिली. चोवीस. पंचवीस. खोलीत लग्नाच्या मांडवासारखा वास सुटला. सव्विसाव्या नळीला तिला तो जरा बरासुद्धा वाटला.

सत्ताविसावी झाली आणि यंत्रात खट्ट झालं. फार तापलं की दिवा आपोआप विझायची सोय होती. दिवा टिकावा म्हणून.

ती यंत्रामागे गेली. माळ शिजली होती.

"त्याला आराम पायजे हुता, मॅडम," भगवानराव म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप जाळीतलं एकेक फूल उपसायला लागले.

दिवा निवायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ती चौदा नळ्यांसमोर बसून राहिली. मग तिनं बटण दाबलं.

टक.

पुन्हा दाबलं. टक. दर वेळी टोकाचा एकेक कण उडत होता, आणि त्या कणांची काळजी करणारी सेलू तालुक्यात ती एकटीच होती. सात. आठ. सोमवारचा अकरावा आकडाही गेला. बाराव्या टकीनंतर तिनं बोट उचललं.

भगवानराव नारळ दोन्ही हातांत धरून उभे होते. एकोणतीस वर्षांत असा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

"मॅडम, नारळ दिवा पेटल्यावर फोडू, का आधी?"

धनश्रीनं दारावरच्या पाटीकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि भिंतीकडे सारल्या.

"आधी," ती म्हणाली.