क्रूसावरचं नाव

चुन्याची बादली खाली ठेवून आदेनिल्सनने आधी वडिलांची कबर घासायला घेतली. मृतांचा दिवस होता. सकाळपासून गावातलं प्रत्येक घर आपापल्या कबरी रंगवत होतं. त्याचा उजवा गुडघा पुरता वाकत नव्हता, म्हणून तो एका बाजूला कलून बसला होता.

राजधानीहून आलेली वार्ताहर सिल्मारा त्याच्या मागे उभी होती. पोर्तुगाल, सायप्रस, उझबेकिस्तान, कोरिया. एवढ्या देशांत फुटबॉलची बचावफळी सांभाळून चौतिसाव्या वर्षी घरी परतलेला खेळाडू, आणि गुरुवारी दक्षिणेतल्या एका क्लबशी बहुधा शेवटचा करार. तिला याच्यावरच लिहायचं होतं.

चौतीस हे कागदावरचं वय. गुडघा सदतीस वर्षांचा होता. सतराव्या वर्षी एका एजंटने त्याला मेलेल्या धाकट्या भावाच्या जन्मदाखल्यावर क्लबात घातलं, तेव्हापासून तो भावाच्या नावाने खेळत होता. गल्लीला हे ठाऊक होतं आणि गल्ली गप्प होती. छापून आलं तर करार जाणार होता, वर बंदी येणार होती.

"हा छोटा क्रूस कोणाचा?" सिल्माराने विचारलं. "यावर नाव नाही."

त्या क्रूसावर त्याची आई, दोना इरासी, चुना फिरवत होती. नाव वीस वर्षांपूर्वी तिनेच खरवडलं होतं. सवयीने ती बोलून गेली, "माझं बाळ. आठ महिन्यांचं गेलं."

"आदेनिल्सनच्या आधीचं की नंतरचं?"

पलीकडे म्हातारे नोनातो बायकोची कबर घासत होते. त्यांचा ब्रश थांबला.

बचावपटू चेंडूकडे बघत नाही, समोरच्याच्या कमरेकडे बघतो. आदेनिल्सन सिल्माराच्या पेनाकडे बघत होता. पेन कागदाला टेकलेलं होतं.

"आधीचं," आई म्हणाली. तिचा हात चालूच होता.

"नाव काय होतं?"

आईने बादलीत कुंचला बुडवला आणि तिथेच ठेवला.

"रैमुंदो," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ."

सिल्माराने जन्मसाल विचारलं, तेही त्याने सांगितलं. वीस वर्षांत ते साल त्याने प्रथमच तोंडातून काढलं.

तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, काळा रंग समोरच आहे, तर भावाचं नाव भावानेच लिहावं, फोटो चांगला येईल. नोनातो पलीकडून म्हणाले, "चुना तरी वाळू दे, पोरी. इथल्या कोणाला घाई नाही." या उन्हात तो कधीच वाळला, असं ती हसून म्हणाली.

रोमन लिपीत आठ अक्षरं होती. शाळा सोडल्यापासून त्याने स्वतःचं हे नाव लिहिलं नव्हतं. लिहिताना ब्रश कुठेही अडखळला नाही. सिल्माराने चार फोटो काढले, दोना इरासींच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती फाटकाकडे गेली.

आईने पिशवीतून मेणबत्ती काढली. या क्रूसासाठी ती दरवर्षी एकच आणायची. तिने ती मधोमध मोडली. मेण तुटलं, वात तुटेना. ओल्या नावाकडे एकदा बघून तिने ती दातांनी तोडली.