निरोपाची वाट

“खाट रिकामी आहे, मला डोळ्यांनी दिसतेय. तुमच्या कॉम्प्युटरला का दिसत नाही?” सिस्टरांनी विचारलं.

तिने चष्मा वर सरकवून डोळे चोळले. हॉस्पिटलच्या नोंदींचा प्रोग्राम तिच्या कंपनीचा. तो बिघडला की धावायचं तिने. रविवारी संध्याकाळी सगळ्या विभागांना जोडणारा मधला सर्व्हर बंद पडला, तेव्हापासून ती इथेच पडीक होती. घरी जायची ती झोपण्यापुरती. आज बुधवार. बाकी सगळं मार्गी लागलं होतं आणि आता ही चौदा नंबरची खाट अडून बसली होती. खाटेवर धुतलेली चादर, उशी, माणूस नाही. पडद्यावर मात्र लाल अक्षरांत ‘राखीव’.

बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर एक आजी सकाळपासून पडून होत्या. बाकीचा वॉर्ड भरलेला. पडद्यावर खाट मिळाल्याशिवाय आजींच्या नावाचं काहीच निघत नव्हतं, दुपारचं ताटसुद्धा. सिस्टरांनी आपल्या डब्यातलं अर्धं त्यांना दिलं होतं. उरलेलं अर्धं राग गिळताना तसंच राहिलं होतं.

पर्समध्ये फोन थरथरला. दादा. सकाळपासून तिसऱ्यांदा. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

विषय काय असणार ते तिला ठाऊक होतं. दादाची बदली झाली होती, आठवडाअखेर घर सोडायचं होतं. रविवारी दुपारीच तो म्हणाला होता, “बाबांना आता तुझ्याकडे. मी त्यांना तयार ठेवतो. तू घरी विचार आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव.” तिने नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, “बघू.” हा ‘बघू’ मोठा सोयीचा शब्द. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि बोलणाऱ्याला पेपर वाचायला मोकळं होता येतं. मग सर्व्हर बसल्याचा फोन आला. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. तीन दिवस ती काही विसरली नव्हती. टाळत होती. दोन खोल्यांचं घर, मुलीची परीक्षा, आणि अंगात त्राण नाही. कुठून सुरुवात करायची तेच सुचत नव्हतं.

तिने वॉर्डच्या कॉम्प्युटरची नोंदवही उघडली. पडद्यावर एकसारख्या ओळी सरकू लागल्या. ‘तयार. निरोपाची वाट.’ दहा मिनिटांनी पुन्हा, ‘तयार. निरोपाची वाट.’ चारशेच्या वर ओळी. पहिली रविवारची, संध्याकाळी पाच चाळीसची.

“सापडलं,” ती म्हणाली. “रविवारी तातडीच्या विभागातून एक पेशंट इथे हलवायचा होता. असं हलवताना आमचा मधला सर्व्हर आधी दोन्हीकडे विचारतो, तयार का? दोन्हीकडून हो आलं की मगच सांगतो, करा. एकानेही नाही म्हटलं तर दोघांना सांगतो, सोडा. म्हणजे माणूस इकडून गेला आणि तिकडे पोचलाच नाही, असा घोळ होत नाही.”

“मग?”

“या वॉर्डाने खाट राखून ‘तयार’ म्हटलं आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसला. करा नाही, सोडा नाही. पुढचा निरोप आलाच नाही. पुन्हा सुरू झाला तेव्हा आपण काय विचारलं होतं, हेच तो विसरला होता.”

“तो पेशंट तर सोमवारीच तिकडूनच बरा होऊन घरी गेला!” सिस्टर म्हणाल्या. “मग यानेच ठरवायचं ना, सोडून द्यायची खाट.”

“नाही ठरवता येत. एकदा तयार म्हटलं की स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, असा नियमच आहे. निरोप येईपर्यंत थांबायचं.”

“आणि नाहीच आला तर?”

“तर थांबायचं.”

सिस्टर पडद्यावरच्या ओळींकडे बघत राहिल्या. त्यांचा राग उतरला होता. “अहो, नाही तर नाही म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “ताटकळत कशाला ठेवायचं एखाद्याला?”

तिने सर्व्हरच्या वतीने एकच शब्द टाइप केला: ‘सोडा’. ओळी थांबल्या. चौदा नंबर हिरवा झाला. व्हरांड्यातून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला, आणि आजींचा, “आला वाटतं माझा नंबर!”

तिने पालथा फोन सुलटा केला. नवऱ्याला पुन्हा विचारायचं नाही, असं तिचं तिथेच ठरलं. मुलीचं टेबल हॉलमध्ये येईल. होईल कसंतरी. तिने दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण आवाज बाबांचा होता.

“दादा दुकानात गेलाय. फोन माझ्यापाशी ठेवून गेला,” बाबा म्हणाले. “म्हटलं तुझा आला तर.”

“जेवलात?”

“जेवलो. आंघोळही झाली. टॉवेल दादाचा घेतला, माझा बॅगेत आहे.”

“मग काढायचा ना बाहेर.”

“बॅगेची चेन गेलीये गं. रविवारी दादाने वरून दोरी आवळून दिली. चांगल्या चार गाठी मारल्यात. आता कधी निघायला सांगशील याचा नेम नाही, म्हणून ठेवलीये तशीच.”

हो म्हणायला तिने तोंड उघडलं, पण आधी चष्मा काढून पुसावा लागला. बाबांनी थोडं थांबून पाहिलं. मग तिची अडचण आपणच सोपी करावी तसे ते म्हणाले,

“नाही म्हणालीस तरी चालेल हो. निदान दोरी तरी सोडता येईल.”