एकोणीस पांढरे टाके

"मला पण घाल त्यात," आजी म्हणाली.

सुनेने फोनवरून नजर वर केली. आजीच्या बॅगा दुरुस्तीच्या अरुंद दुकानात, तुटक्या चेनींच्या ढिगाआड बसून ती सकाळपासून एकच पान वाचत होती. वर देशाच्या हॉकी संघाचा फोटो आणि खाली लोकांनी ओकलेली गरळ. परवाच्या सामन्यात पाच गोल गेले होते. गोलकीपर आहे की चाळण, कुणाच्या वशिल्याने घुसली, घरी पाठवा हिला. असे सातशे जण.

गोलकीपर म्हणजे आजीची नात, सुनेची लेक, ठमी.

"आई, तुम्ही कशाला त्या उकिरड्यात जाता?"

"माझी नात आहे ना तिथे? मग मी जाणार."

ठमीचा सकाळीच निरोप आला होता: 'सरांना सांगतेय, आज मला उभं करू नका.' त्यानंतर ती फोन उचलत नव्हती. पण तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे ती सगळं वाचत होती. सामना दुपारी तीनला, आणि आत्ताच दीड वाजून गेला होता.

सुनेने खातं उघडलं. नाव झालं, फोटो झाला.

"शिक्षण विचारतंय. रिकामं सोडते."

"का म्हणून? दुसरी पास आहे मी. लिही."

सुनेने लिहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, जे लिहायचं ते ठमीला एकटीलाच पाठवू या का? खासगीत. बाकी कुणाला दिसणार नाही."

"शिव्या भर चौकात आणि कौतुक कानात? बरी की तुझी रीत!"

आता आजी सातशे जणांच्या सात पिढ्या उद्धरणार, असं समजून सुनेने मनाची तयारी केली. पण आजीने खुंटीवरून बॅगेचा एक काळा पट्टा काढला, परवाच्या सामन्याचा. नातीचा सामना लागला की ती असा कोरा पट्टा घेऊनच टीव्हीपुढे बसायची. चेंडू अडवला की पांढरा टाका, गोल गेला की लाल. पडद्यावरचे आकडे तिला कळत नसत, आणि कळले असते तरी तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

"ह्याचा फोटो काढ. उजेडात धर, नीट दिसू दे."

मग चष्मा नाकावर सरकवून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं:

'मी हिची आजी. लाल टाके पाच. ते तुम्ही मोजले. पांढरे एकोणीस. ते मी मोजले. ज्याला हे एकोणीस अडवता येतील त्याने माझ्या दुकानात यावं, मी त्याच्या पाया पडेन. येत नसतील त्याने तोंड शिवून घ्यावं. दोरा माझा.'

"अहो आई, हे देशभर दिसेल!"

"मग अक्षर मोठं कर."

सुनेने फोटोसकट ते टाकलं. मग कुणी हसलं, कुणी हात जोडले, एकाने आपली शिवी गुपचूप पुसली. आजीचं तिकडे लक्षच नव्हतं. "आपली काय म्हणते?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

अडीचला ठमीची ओळ आली. सुनेने ती मोठ्याने वाचली: 'आजी, गप बस. अख्खी टीम वाचतेय. आणि वीस होते. एक तू चुकलीस.'

आयुष्यात आजीचा टाका चुकला असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. तिने पट्टा उलटा केला, सुलटा केला, पुन्हा मोजला.

"वीस म्हणे! कार्टीची जीभ बघ," ती म्हणाली. मग घसा खाकरून, "भांडतेय ना? म्हणजे उभी राहणार. लाव टीव्ही."

तीन वाजता संघ मैदानात आला. सर्वांत शेवटी, हेल्मेट काखेत धरून, ठमी. तिने ते डोक्यात घातलं आणि गोलपोस्टपुढे जाऊन वाकून उभी राहिली.

दुसऱ्याच मिनिटाला समोरची एकटी चेंडू घेऊन आत घुसली. सुनेने डोळे गच्च मिटले.

"गेला का हो?"

"डोळे उघड आधी," आजी म्हणाली. "आपली पोर उभी आहे तिथे."