सर्जेरावचं पाव लिटर

कोल्हापुरातला फुटबॉलचा अंतिम सामना बरोबरीत होता आणि शेवटच्या दोन मिनिटांत इंद्रजितच्या मनगटावरची, अंगातलं पाणी मोजणारी पट्टी लाल झाली. पाणी आटलं, आता नियमानं मैदान सोडायचं. मनगटाला मनगट भिडवलं की पट्टीतून एकाच्या अंगातलं पाणी दुसऱ्याला देता यायचं, पण संघातले सगळेच कोरडेठाक!

तेवढ्यात समोरच्या पेठेच्या संघातला सर्जेराव, तासभर लाथांनी त्याच्या पोटऱ्या शेकणारा गडी, धावत आला आणि त्यानं आपलं मनगट पुढं केलं.

"घे मर्दा, पाव लिटर. तुला बाहेर बसवून जिंकलो, तर पेठेत तोंड कसं दाखवू?"

पट्टी हिरवी झाली. त्याच पाण्यावर इंद्रजितनं गोल मारला. मग सर्जेरावचे आभार मानायला गेला तर डोळेच घळाघळा वाहू लागले.

"अरे लेका," सर्जेराव ओरडला, "पळायला दिलं होतं, रडायला नव्हे!"