ग्रुप फोटो

गप्प घरात बेल वाजली. समोरच्या बिल्डिंगमधल्या शाह आंटी स्पेनच्या सहलीचे फोटो दाखवायला आल्या होत्या. योगेंद्र, माझा नवरा, त्या सहलीचा स्वयंपाकी होता. परतल्यावर महिन्याभरात तो अटॅकने गेला.

"क्या कढी थी योगेंद्रभाई की! ग्रॅनडाला जाऊन पण आम्ही घरचंच जेवलो बघ."

तो कुठेतरी दिसेल म्हणून मी एकेक फोटो सरकवत राहिले. ग्रॅनडाचा राजवाडा, कोर्दोबाचा जुना पूल, सेव्हिलच्या चौकात हसणारा अख्खा ग्रुप, कढी-खिचडीची ताटंसुद्धा. तो एकाही फोटोत नव्हता.

मांडीवर बसलेल्या माझ्या लेकीने, भाविकाने, माझ्याकडे वर पाहिलं.



"आई, हे सगळे फोटो बाबांनी काढलेत ना?"